रिकाम्या घरांचं पाणी

कागलच्या मुलाला पाणी म्हटलं की विहीर आठवते. माझे वडील रामू चौगले दुसऱ्याच्या मळ्यात मोट हाकत. बैल धावेवरून उतरू लागले की चाकाची करकर, आणि मग मोट थारोळ्यात ओतल्याचा धबाका, हेच माझ्या लहानपणाचं घड्याळ होतं. पाणी खालून वर ओढायचं असतं आणि ज्याची विहीर त्याचं ते पाणी, एवढंच मला माहीत होतं. डोंगरावर पडलेला पाऊस खडकाच्या पोटात मुरतो, तिथं महिनोन्‌महिने राहतो आणि कड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर येतो, हे मी पुढं कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात वाचलं. प्रत्यक्ष पाहिलं ते भुदरगडच्या डोंगरात, किंजळवाडीला. तिकडं न गेलेल्यांसाठी ही हकीकत लिहितो आहे. तिच्यातल्या बऱ्याच गोष्टींची कारणं मला देता येतात. सगळ्यांची येत नाहीत, हे आधीच सांगतो.

कोल्हापूर संस्थान विलीन होऊन तीन-चार वर्षं झाली होती. डोंगरातल्या वाड्यांकडून पाण्यासाठी अर्ज येत. ते अर्ज पाहणाऱ्या कचेरीत मला नोकरी लागली होती. आमच्या घराण्यात सही करणारा मीच पहिला. पदवी मिळाली त्या दिवशी नाईक मास्तरांनी मला घरी बोलावून एक पितळी फिरकीचा तांब्या दिला. शाळेची सहा वर्षं मी त्यांच्या ओसरीवर राहून शिकलो होतो, त्यामुळं खरं तर मीच त्यांना काही द्यायला हवं होतं. मास्तर म्हणाले, "आता तुला फिरती असेल. दुसऱ्याच्या गावचं पाणी पिताना त्या गावचे उपकार मान." तो तांब्या त्या प्रवासात माझ्याबरोबर होता.

गारगोटीहून वर

किंजळवाडीचा अर्ज दौलू पाटलाचा होता. झऱ्याचं तोंड अरुंद आहे, ते सुरुंग लावून मोठं करून द्यावं, म्हणजे पाणी वाढेल, असं त्यानं लिहून घेतलं होतं. मी जाऊन पाहायचं, पाणी मोजायचं आणि सुरुंग लावावा की नाही ते लिहून द्यायचं. खडक तपासायला कचेरीनं दस्तगीरचाचांना बरोबर दिलं होतं. चाचा आमच्याच कागलचे. तीस वर्षं विहिरींचे खडक फोडून त्यांचा उजवा कान जवळजवळ गेलेला, पण डाव्या कानानं खडक वाचतात अशी त्यांची ख्याती. चारचौघांत ते मला साहेब म्हणत आणि दोघंच असलो की पोरा.

गारगोटीपर्यंत मोटार होती. बाजारात हॉटेलात भजी खाल्ली. चाचांनी खांद्यावर पहार घेतली, मी पाच गॅलनचा डबा आणि टेप घेतला, आणि बैलगाडीनं डोंगराच्या पायथ्याला पोचलो. पुढं चालत. वाट ऐन-किंजळीच्या रानातून जाते. अर्ध्या वाटेवर दोन घरं लागली. अंगणं सारवलेली नव्हती, पण दारांना कुलपं होती आणि उंबऱ्यावर वाळलेली फुलं होती.

"इथली माणसं?" मी वाटाड्याला विचारलं. दौलू पाटील स्वतःच घ्यायला आला होता. चाळिशीचा, लष्करात जाऊन आलेला, पायांत अजून ते जाड बूट.

"खाली गेली. पाणी न्हाय म्हणून. गेल्या साली ही दोन गेली. औंदा झरा आटला तर सगळी वाडीच खाली जाणार बघा. तेरा घरं. मग डोंगरावर निस्ती माकडं ऱ्हातील."

"जाऊन राहणार कुठं?"

"त्येच कुणाला ठावं न्हाय की. म्हणून तर तुमास्नी बोलिवलं."

दौलूच्या घरी नाचणीची भाकरी, कुळथाचं माडगं आणि कोवळ्या फणसाची भाजी जेवलो. आमच्याकडं पाहुण्याला आधी पाण्याचा तांब्या देतात. इथं आधी गुळाचा खडा दिला आणि पाणी अर्धीच वाटी. दौलूची बायको खाली बघत म्हणाली, "आजच्या पाळीचं एवढंच हाय, पावणं." मी ती अर्धी वाटी तीन घोटांत प्यालो. पाणी इतकं गार होतं की दात ठणकले.

पाळी

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना आम्ही झऱ्यावर गेलो. वाडीच्या मागं लाल जांभ्याचा उभा कडा आहे. त्याच्या पायाशी एक बुटकी कपार, कपारीत माणूसभर लांबीची दगडी कुंडी, आणि कुंडीच्या मागच्या भिंतीत हाताच्या पंजाएवढी फट. त्या फटीतून पाणी येतं. फटीच्या आत पूर्ण काळोख आहे.

तेरा घरांच्या बायका घागरी घेऊन ओळीनं उभ्या होत्या. कुणी बोलत नव्हतं. एका दगडावर चाळिशी उलटलेली एक बाई बसली होती, तिला सगळे तानूआक्का म्हणत. तिच्यासमोर पाण्यानं भरलेलं घंगाळ आणि त्यात तरंगणारी तांब्याची वाटी. वाटीच्या बुडाला बारीक भोक. आमच्याकडं अशी वाटी फक्त लग्नात, मुहूर्त धरायला काढतात. इथं ती रोज पाणी वाटायला होती. वाटी भरून बुडाली की एक पाळी संपली. घराला दिवसाची एकच पाळी, मग दुसऱ्या सकाळपर्यंत कुंडीला कुणी हात लावायचा नाही. मी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, सहा मिनिटांहून थोडं जास्त.

आक्का हाक मारी, "शिवा गोविंदाचं घर, या." त्या घरची बाई पुढं होई, कुंडीत घागर बुडवी, वाटी बुडेपर्यंत भरेल तेवढं भरी. मग आक्का हातातल्या पांढऱ्या गारगोटीच्या खड्यानं घंगाळावर ठोका देई.

तिसरी हाक आली, "लक्ष्मण धोंडीचं घर, या."

कुणी पुढं गेलं नाही. उलट सगळ्या बायकांनी पदर डोक्यावर ओढले आणि कुंडीकडं पाठ केली. दौलूनंही केली. वाटी हळूहळू बुडत होती. मी तेवढा कुंडीकडं तोंड करून उभा.

"फिरा की," आक्का शांतपणे म्हणाली. "दुसऱ्याच्या पाळीला बघायचं न्हाय."

मी फिरलो. समोर उतारावर उन्हाची पहिली तिरीप पडली होती. मागं पाण्याचा बारीक झुळझुळाट. आणि मग, सहा मिनिटं संपायच्या जरा आधी, आवाज आला. डुबुक. घागर तोंडावर आडवी करून बुडवली की येतो, तोच. मी आपसूक वळणार होतो. चाचांनी माझा दंड धरला.

ठोका पडला. बायका वळल्या, पुढची हाक आली, आणि काहीच घडलं नसल्यासारखं काम सुरू झालं.

अशा चार पाळ्या होत्या. तेरा घरं नांदती आणि चार रिकामी, मिळून सतरा हाका. परतताना मी दौलूला विचारलं, तेव्हा तो जरा ओशाळला.

"मोठ्या तापाच्या साथीत चार घरं गेली, साहेब. दिवा लावायला माणूस उरलं न्हाय. पर ज्याचं नाव एकदा पाण्याला सांगितलं, त्याची पाळी काढत न्हाईत. तशी रीतच हाय."

"आणि काल वाटेवर पाहिली ती दोन घरं?"

"ती वाटंवरची घरं खालच्या ओढ्यावर भरायची. हितली न्हवंत."

"तो आवाज?"

"लहानपणापासनं ऐकतोय," एवढंच म्हणून तो बूट आपटत पुढं गेला. मग थांबला. "चार पाळ्या मेलेल्यांस्नी, आणि जित्यांची पोरं अर्ध्या वाटीवर. ह्ये तुमीच सांगा आता लोकास्नी. माझं ऐकत न्हाईत."

सड्यावर

तिसऱ्या दिवशी कड्याच्या माथ्यावर गेलो. वर सपाट सडा, मैलभर लांब, झाड नाही, सावली नाही. जांभा दगड आंबोळीसारखा, सगळा भोकाभोकांचा. पाऊस पडला की पाणी या जाळीतून आत उतरतं. खाली पांढऱ्या चिकण मातीचा थर आणि त्याखाली काळा कातळ. पाण्याला त्याच्या खाली जाता येत नाही, म्हणून ते मातीवर साठतं आणि कड्याकडं सरकत जातं. म्हणजे हा सगळा सडा हाच किंजळवाडीचा हौद. पुस्तकातली आकृती मी पहिल्यांदाच पायांखाली तुडवत होतो आणि मला मनापासून आनंद झाला होता.

सड्याच्या मधोमध विहिरीच्या तोंडाएवढं एक विवर आहे. आक्का आम्हाला तिथं घेऊन आली, पण दहा पावलं अलीकडंच थांबली. भर दुपारी त्या विवरातून गार वारा येत होता, आणि सगळा सडा तव्यासारखा तापलेला. चाचांनी विडी पेटवून काठावर धरली. धूर वर गेला. थोड्या वेळानं तो थबकला, आडवा झाला आणि हळूहळू विवरात ओढला गेला. चाचांनी विडी विझवून खिशात टाकली.

"आत घेतंय," ते म्हणाले.

आतली हवा थंड, बाहेरची गरम, त्यामुळं हवा आत-बाहेर होते, असं मी समजावून सांगितलं. चाचांनी मान डोलावली. मला विवराची खोली जाणायची होती. दोरी पुरेना. मग कॉलेजात शिकवलेलं आठवलं, हाक मारायची आणि प्रतिध्वनीला किती वेळ लागतो ते मोजायचं. शाळेत हजेरीला देत असू तसं, पूर्ण नाव आणि गाव, मी वाकून मोठ्यानं ओरडलो, "विष्णू रामू चौगले, कागल!"

प्रतिध्वनी आला नाही. मी घड्याळाकडं पाहत उभा होतो. काटा एक फेरा पुरा करून गेला. विवरानं हाक घेतली आणि काहीही परत दिलं नाही.

मागं वळलो तर आक्कानं तोंडावर पदर घेतला होता.

"काय झालं आक्का?"

"काय न्हाय, पावणं. आता झालंच की त्ये."

उतरताना चाचा म्हणाले, "खडकाच्या तोंडाशी नाव घिऊन हाक मारत न्हाईत, पोरा. आमी सुरुंग उडवताना निस्तं 'होऽ' म्हंतो. तुझ्या बापाला इचार."

"का मारत नाहीत?"

"कारण इचारायला मी कुठं कालिजात गेलतो."

चौथ्या दिवशी सकाळी सतरा हाका झाल्या. बायका घागरी उचलू लागल्या. आक्कानं वाटी पुन्हा घंगाळात सोडली आणि अठरावी हाक मारली, "विष्णू रामूचं घर, कागल. या."

सगळे माझ्याकडं पाहत होते. आक्का म्हणाली, "काल झऱ्यात तुमचं नाव आलं. मी उतरून आलो तवा बायका सांगत हुत्या, फटीतनं ऐकू आलं म्हणून. पाण्याला नाव कळलं म्हंजे पाळी द्याय पायजे. भरा."

मी पुढं झालो आणि फिरकीचा तांब्या कुंडीत बुडवला. त्याची मान बारीक, त्यामुळं पाणी गटक्‌ गटक्‌ करत आत शिरलं. बायकांत कुणीतरी हसलं. मलाही हसू आलं. उरलेला वेळ मी डबा भरून दौलूच्या बायकोला दिला. चाचांना विचारलं, त्यांचंही नाव सांगायचं का. ते घाईनं म्हणाले, "माझं नगं. मी तुझ्यातलं घोटभर पितो."

माझी चूक

इथवर मी जे सांगितलं त्यात भीती वाटण्यासारखं काही नाही, असं मला तेव्हा वाटत होतं. मी हिशेब मांडला होता. चार रिकाम्या पाळ्या नांदत्या घरांना वाटल्या, तर प्रत्येक घराला रोज निदान एक घागर जास्त मिळेल. सुरुंग लावायचा की नाही ते मागाहून पाहू. त्या संध्याकाळी दौलूच्या अंगणात वाडी जमली आणि मी ते सांगितलं. मला बोलताना अभिमान वाटत होता. मोट हाकणाऱ्याच्या मुलाचं तेरा घरं ऐकून घेत होती.

"व्हय की," दौलू म्हणाला. "साहेब शिकलेलं हाईत. घागर जित्याला पायजे."

लोकांनी आक्काकडं पाहिलं.

"मी हाका मारीन," ती म्हणाली. "सतराच्या सतरा. अठरा. कुणी भरायचं त्ये तुमी बघा."

मी तिच्या घरी गेलो, समजूत काढायला. ती चुलीपुढं आंबील ढवळत होती. मला बसायला घोंगडं टाकलं. म्हणाली, "आठवी हाक कुणाची ऐकलासा?"

"कृष्णा भिवाचं घर."

"त्ये माझं म्हायेर. ह्याच वाडीत. मी सात-आठ वर्षांची आसंन. लगीन झालतं, म्हणून ह्या घरात हुतो, म्हणून वाचलो. माझ्या आईचं तोंड मला आठवत न्हाय, पावणं. लई बगितलं, न्हाय आठवत. ती घागर बुडवायची त्यो आवाज आठवतोय. तेवढाच हाय माझ्याजवळ." तिनं आंबिलीची वाटी माझ्यापुढं सरकवली. "सुरुंग लागला, नळ झाला, तर कोण हाका मारतंय आन्‌ कोण ऐकतंय. बरं, पोरं तानेली हाईत, त्ये बी मला दिसतंय. म्हणून मी काय बोलत न्हाय."

मी आंबील प्यालो आणि उठलो.

पाचव्या दिवशी रिकाम्या पाळ्या दौलूनं स्वतः भरल्या, दुसरं कुणी धजेना. आठव्या हाकेला आक्काचा आवाज जरा खाली गेला, एवढंच. त्या दिवशी आवाज आला नाही. प्रत्येक घरी एक घागर जास्त गेली. पोरांना अंघोळी मिळाल्या, वाडीत हसणं ऐकू आलं. दौलूनं माझ्या पाठीवर थाप मारली.

सहाव्या दिवशी पाणी किंचित गढूळ होतं. सातव्या दिवशी दुधासारखं पांढरं. बायका घागरी उपड्या करून पाहत होत्या, बुडाशी शाडूसारखी माती. आठव्या दिवशी फटीतून करंगळीएवढी धार येत होती आणि सूर्य कासराभर वर येईतो तीही थांबली. कुंडीच्या तळाशी पांढरा चिखल राहिला. आक्कानं अठरावी हाक मारली. मी तांब्या घेऊन पुढं झालो आणि चिखलाकडं पाहत उभा राहिलो. सहा मिनिटं संपेपर्यंत मला तिथून हलता आलं नाही.

कुणी मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. बायका घागरी घेऊन दरीतल्या नदीकडं निघाल्या, उतरायला एक तास आणि चढायला दोन. दौलू कड्याकडं पाहत म्हणाला, "चला, सामान बांधाय घ्याय पायजे."

मी आक्काकडं गेलो. म्हणालो, "माझं चुकलं. आता काय करू?"

"तुमी काय करू नगा," ती म्हणाली. "कुणीच काय करू नगा. मी हाका मारतो, कुणी भरायचं न्हाय. तीन दिस."

ते तीन दिवस मी कधी विसरणार नाही. नदीवर जाण्याआधी सगळी वाडी पहाटेच्या उजेडात कपारीपुढं जमे. आक्का हाक मारी, "शिवा गोविंदाचं घर, या." शिवा गोविंदाची सून तिथंच उभी असे, हातात रिकामी घागर, आणि ती कुंडीकडं पाठ करून पदर ओढून घेई. सगळे पाठ करत. वाटी बुडे. पुढची हाक. "दौलू तुकारामाचं घर, या." दौलू बुटांसह ताठ उभा, तोंड उताराकडं. जिवंत आणि मेलेली, सतराच्या सतरा घरं त्या तीन दिवसांत सारखीच झाली होती. माझीही हाक आली. आपलं नाव पुकारलं जाताना आपण पाठ फिरवून उभं राहायचं, म्हणजे काय वाटतं, ते मला नीट सांगता येणार नाही. आपण तिथं नाही असं वाटतं.

तिसऱ्या सकाळी आठव्या हाकेला आवाज आला. डुबुक. कुणी हललं नाही. आक्कानं ठोका द्यायला उचललेली गारगोटी तशीच हातात धरली. बाकीच्या हाका झाल्यावर आम्ही वळून पाहिलं. कुंडी काठोकाठ भरली होती आणि तळ दिसत होता.

चाचांची पहार

त्या दुपारी चाचांनी पहारीचं टोक फटीजवळच्या खडकाला लावलं आणि दुसरं टोक डाव्या कानाला. पुष्कळ वेळ तसेच होते. मग पहार माझ्या हातात दिली.

"ऐक. खडक न्हाय ह्यो. पापुद्रा हाय. मागं मोठी पोकळी. सुरुंग लावला तर हे दार उघडं पडंल, एका दिसात सगळं पाणी वाडीवरनं दरीत. मग पुढल्या पावसापातूर कोरडं."

मी कान लावला. आत कुठंतरी लांब पाणी ठिबकत होतं, आणि मधूनच काहीतरी जड पाण्यात टेकवल्यासारखं वाटत होतं.

सगळं मला उलगडलं होतं. सतत उपसा झाला की पाण्याचा वेग वाढतो आणि ते पांढरी माती ओढून आणतं, तिनं वाट बुजते. मधूनमधून उपसा थांबला की माती खाली बसते. पाणी पोकळीत चढू लागतं, एखादं आतलं भोक बुडतं, अडकलेली हवा बाहेर पडते, आणि घागर बुडवल्यासारखा आवाज होतो. म्हणजे चार रिकाम्या घरांच्या पाळ्या हा झऱ्याचा विसावा होता. अहवालात मी तसंच लिहिलं. सुरुंग लावू नये. पाळ्यांची पद्धत आहे तशी ठेवावी. रात्रभर कुंडीतून ओसंडून वाया जाणारं पाणी धरायला खालच्या अंगाला दगडी टाकी बांधून द्यावी. टाकीचा विचार दौलूचा. लष्करात त्यानं तसल्या बांधल्या होत्या.

निघताना मी आक्काला म्हणालो, "मी तर चाललो. माझी पाळी आता कुणाला तरी देऊन टाका."

"पाण्याला सांगितलेलं नाव माघारी घेता येत न्हाय," ती म्हणाली. "चार हुती, आता पाच. झऱ्याला तेवढाच इसावा." मग जराशी हसली. "तांब्या जपा. लई गोड आवाज हाय त्येचा."

वाटेत चाचांनी विचारलं, "इतकं सगळं उलगडलं म्हंतोस, मग त्या आठव्या हाकंलाच का आवाज आला? तीन दिस तर कुणीच उपसलं नव्हतं." मी म्हणालो, योगायोग. त्यांनी पहार दुसऱ्या खांद्यावर घेतली.

गारगोटीचा बाजार

दोन वर्षांनी कामासाठी गारगोटीला गेलो होतो. बाजाराचा दिवस. मिरच्यांच्या ढिगाआडून कुणीतरी हाक मारली, "साहेब," आणि बूट ओळखू आले. दौलू. आम्ही चहा प्यालो. टाकी झाली होती. औंदा पाणी जेठापर्यंत पुरलं, खाली गेलेली ती दोन घरं परत आली, पंधरा झाली, असं तो आनंदानं सांगत होता. आक्का बरी होती. मला इतकं समाधान वाटलं की मास्तरांना पत्रानं कळवायचं मी तिथंच ठरवलं.

"आणि पाळ्या?"

"हाईत की. ती दोन घरं तुमच्या आधी घेतली. तुमची हाक शेवटाला. ऊन कपारीपातूर आलं की."

मी मनाशी वेळ काढली. साधारण आठ. त्या वेळी मी कोल्हापुरात दाढी करत असतो. रोज कुणीतरी डोंगरात माझं नाव घेऊन 'या' म्हणतं, आणि मी साबण लावत असतो.

"आवाज येतो?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"येतोय की. त्या चौघांच्या पाळीला येतोय." त्यानं बशीतला चहा संपवला. "तुमच्या बी येतोय. पर घागरीचा न्हाय. बारका येतोय. गटक्‌ गटक्‌."

मी त्याला कारण सांगितलं. शेवटची पाळी, तोवर आतलं पाणी खाली गेलेलं, भोक अर्धंच बुडतं, म्हणून हवा तुटक-तुटक येते. बोलताना माझा हात पिशवीवर गेला होता. तांब्या आत होता. दौलूनं सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि तसंच असंल म्हणाला.

"पण कुणी वळून पाहिलं का कधी?" मी विचारलं. "माझ्या पाळीला?"

दौलू माझ्याकडं जरा नवलानं बघत राहिला.

"दुसऱ्याच्या पाळीला कोण बघंल, साहेब?" तो म्हणाला.